रिमोट टीममध्ये काम करताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एका खोलीत बसणाऱ्या टीममध्ये बरीच माहिती न मागता कानावर पडते. कोण कशात अडकलंय, कालचा निर्णय का फिरवला, कोणता ग्राहक नाराज आहे, हे सगळं आपोआप कळत राहतं. टीम वेगवेगळ्या ठिकाणी बसली की हा झरा आटतो आणि तीच माहिती कुणीतरी मुद्दाम लिहून ठेवावी लागते. खालची बहुतेक उत्तरं या एका फरकातून निघाली आहेत.

## टीम नुकतीच रिमोट झाली आहे. पहिल्या आठवड्यात काय ठरवून घ्यायचं?

एक पान पुरतं. पण ते सगळ्यांनी मिळून लिहिलेलं हवं आणि सगळ्यांना सापडेल अशा जागी हवं. त्यात एवढं लिहा:

- प्रत्येकाच्या कामाच्या वेळा, शहराच्या नावासह
- सगळे एकाच वेळी हजर असतील असे रोजचे तास (२ ते ३ तास मिळाले तरी भरपूर)
- कोणत्या माध्यमावर किती वेळात उत्तर अपेक्षित आहे
- निर्णय कुठे नोंदवायचे आणि कामांची यादी कुठे ठेवायची
- खरोखर तातडीचं काही घडलं तर कुणाला फोन करायचा

शेवटचा मुद्दा सर्रास राहून जातो. तातडीचा मार्ग ठरलेला नसला की प्रत्येक मेसेज तातडीचा असू शकतो, म्हणून सगळे दिवसभर चॅट उघडं ठेवून बसतात आणि कुणाचंच सलग काम होत नाही. ‘आग लागली तर फोन येईल’ अशी खात्री असली की माणूस दोन तास चॅट बंद ठेवू शकतो.

हे पान दर तीन महिन्यांनी पुन्हा वाचा. नवी माणसं येतात, वेळा बदलतात आणि जुनं पान खोटं बोलायला लागतं.

## मेसेजला किती वेळात उत्तर द्यायला हवं?

टीमने ठरवलं असेल तेवढ्या वेळात. काहीच ठरलं नसेल तर सुरुवातीला हे धरा: फोन म्हणजे लगेच, चॅट म्हणजे कामाच्या ३ ते ४ तासांत, कामाच्या यादीवरची टिप्पणी किंवा ईमेल म्हणजे कामाच्या १ दिवसात. पूर्ण उत्तर द्यायला वेळ लागणार असेल तर ‘पाहिलं, उद्या दुपारपर्यंत सांगेन’ एवढी एक ओळ टाका. समोरच्याला त्यावर आपलं काम आखता येतं. नुसत्या अंगठ्याच्या खुणेतून ‘वाचलं’, ‘मान्य आहे’ आणि ‘मी करतो’ असे तीन वेगळे अर्थ निघतात, त्यामुळे जबाबदारी घ्यायची असेल तेव्हा ती शब्दांत घ्या.

## मेसेज कसा लिहावा म्हणजे चारदा विचारपूस करावी लागणार नाही?

रिमोट कामातलं सर्वांत उपयोगी कौशल्य हेच. दोघांच्या वेळा एकमेकांवर फारशा येत नसतील तर प्रश्न आणि उत्तराची एक फेरी म्हणजे एक दिवस. ‘नमस्कार, वेळ आहे का?’ यात पहिला दिवस जातो, ‘हो, बोला’ यात दुसरा, आणि मूळ प्रश्न तिसऱ्या दिवशी पोचतो.

असा मेसेज पाहा: ‘एक्सपोर्ट चालत नाहीये, जरा बघाल का?’ वाचणाऱ्याला कोणता एक्सपोर्ट, केव्हापासून, काय दिसतंय आणि नेमकं काय हवंय यातलं काहीच कळत नाही.

आता हा:

‘ऑर्डरचा एक्सपोर्ट बिघडला आहे. काल दुपारी ३ नंतर तयार झालेल्या सगळ्या फाइल रिकाम्या येतात, त्याआधीच्या ठीक आहेत. सर्व्हर रीस्टार्ट करून पाहिला, फरक पडला नाही. लॉगच्या शेवटच्या ४० ओळी खाली जोडल्या आहेत. कालचा बदल मागे घ्यावा असं मला वाटतं. हरकत असेल तर उद्या, बुधवारी, लंडनच्या वेळेनुसार सकाळी ११ पर्यंत कळवा. निरोप आला नाही तर ११ वाजता मागे घेईन.’

यात पाच गोष्टी आहेत: काय बिघडलं, केव्हापासून, काय करून पाहिलं, पुरावा, आणि उत्तर न आल्यास पुढे काय होणार. पाचव्या गोष्टीमुळे काम थांबत नाही. मात्र ‘निरोप आला नाही तर करेन’ ही पद्धत सहज मागे फिरवता येणाऱ्या कामांपुरतीच ठेवा. डेटा पुसणं, पैसे पाठवणं, ग्राहकाला पत्र जाणं, अशा कामांना स्पष्ट होकार येईपर्यंत थांबायचं.

स्क्रीनशॉट जोडताना त्रुटीचा मजकूर अक्षरांतही चिकटवा. चित्रातला मजकूर सहा महिन्यांनी शोधताना सापडेलच असं नाही. आणि एका मेसेजमध्ये तीन प्रश्न असतील तर त्यांना क्रमांक द्या, नाहीतर हमखास पहिल्याचंच उत्तर येतं.

## खासगी मेसेज करावा की टीमच्या चॅनेलवर विचारावं?

कामाचा प्रश्न असेल तर चॅनेलवर. खासगीत मिळालेलं उत्तर एकालाच कळतं, पुढच्या आठवड्यात दुसरा तोच प्रश्न विचारतो आणि ज्याला माहिती आहे तो माणूस दिवसभर उत्तरंच देत बसतो. शिवाय तो रजेवर असला तर प्रश्न तसाच पडून राहतो. चॅनेलवर दुसरं कुणीतरी उत्तर देऊ शकतं.

पगार, तब्येत, एखाद्याच्या चुकीबद्दल बोलणं, हे मात्र खासगीतच. चॅनेलवर विचारायला लोक बिचकत असतील तर अनुभवी माणसांनी आधी स्वतःचे साधे प्रश्न तिथे टाकायला सुरुवात करावी. सूचना काढून ही भीती जात नाही. वरिष्ठांना बिनधास्त विचारताना पाहिलं की जाते.

चॅनेलवरची उत्तरं मूळ मेसेजच्या थ्रेडमध्येच, म्हणजे त्या मेसेजखालच्या उत्तरांच्या साखळीतच द्या. एका चॅनेलवर तीन विषय एकमेकांत गुंतले की नंतर वाचणाऱ्याला धागा लागत नाही.

## निर्णय कुठे आणि कसा नोंदवायचा?

चॅटमध्ये चर्चा होऊ द्या, पण निर्णय तिथे ठेवू नका. चॅट वाहून जातं. निर्णयांसाठी एकच जागा ठरवा. ती साधी सामायिक फाइल असली तरी चालेल. प्रत्येक नोंदीत तारीख, काय ठरलं, कुणी ठरवलं, कोणते पर्याय नाकारले आणि का, आणि हा निर्णय कशामुळे पुन्हा उघडावा लागेल, एवढं हवं. सहा ते दहा ओळींत बसतं.

नाकारलेले पर्याय लिहायचा लोकांना कंटाळा येतो, आणि नोंदीतला सगळ्यात मोलाचा भाग तोच असतो. तो नसला की चार महिन्यांनी नवा माणूस विचारतो, ‘आपण तो दुसरा मार्ग का नाही घेतला?’ कारण कुणालाच आठवत नाही आणि सगळी चर्चा पहिल्यापासून होते. ‘तो मार्ग तपासला, पण महिन्याला १ लाखाहून जास्त नोंदी आल्या की तो मंदावतो’ अशी एक ओळ ही चर्चा वाचवते.

मीटिंग संपायच्या आधी शेवटची ५ मिनिटं नोंद मोठ्याने वाचून दाखवा. ‘आपलं ठरलं’ असं म्हणणाऱ्या दोघांच्या डोक्यात दोन वेगळ्या गोष्टी असतात, आणि ते वाचतानाच उघड होतं.

## वेगवेगळ्या टाइम झोनमध्ये वेळा ठरवताना गोंधळ का होतो?

बहुतेक वेळा कारण उन्हाळी वेळ असतं. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळं १ तास पुढे जातात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येतात. ब्रिटन आणि युरोपीय संघात हाच बदल मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी होतो. त्यामुळे एरवी ५ तासांचं असलेलं लंडन आणि न्यूयॉर्कमधलं अंतर मार्चमध्ये दोन-तीन आठवडे आणि शरदात साधारण एक आठवडा ४ तासांचं होतं. सिडनीत ऋतू उलटे, म्हणून घड्याळंही उलट फिरतात: ऑक्टोबरमध्ये पुढे, एप्रिलमध्ये मागे. ब्रिस्बेन त्याच किनाऱ्यावर असूनही घड्याळ बदलत नाही. भारत आणि जपानही बदलत नाहीत. अंतर पूर्ण तासांचंच असतं असंही नाही. भारत यूटीसीच्या, म्हणजे जगभर प्रमाण मानल्या जाणाऱ्या वेळेच्या, ५ तास ३० मिनिटं पुढे आहे आणि नेपाळ ५ तास ४५ मिनिटं.

कॅलेंडरमधली दर आठवड्याची मीटिंग ज्या शहराच्या वेळेत नोंदवली असेल त्या शहराचं घड्याळ पाळते. घड्याळ न बदलणाऱ्या देशातल्या सहकाऱ्यांना ती एके दिवशी अचानक तासभर पुढे किंवा मागे सरकलेली दिसते. म्हणून मीटिंग कोणत्या शहराच्या वेळेला बांधली आहे हे निमंत्रणातच लिहा, आणि बदलाच्या आदल्या आठवड्यात एक आठवण टाका.

लिहिताना ‘शुक्रवारपर्यंत’ म्हणू नका, कारण शुक्रवार कुणाचा ते कळत नाही. ‘शुक्रवार, १६:०० यूटीसी’ असं लिहा. ‘गुरुवारी रात्री १२’ म्हणजे गुरुवारची सुरुवात की शेवट, यावरून वाद होतात. त्याऐवजी २३:५९ लिहा. ०३/०४ ही तारीख कुणी ३ एप्रिल वाचतं, कुणी ४ मार्च. महिन्याचं नाव अक्षरांत लिहिलं की प्रश्न मिटतो.

सगळ्यांना सोयीची वेळ निघतच नसेल तर गैरसोय वाटून घ्या. दर महिन्याला किंवा तिमाहीला मीटिंगची वेळ फिरवा. कायम एकाच देशातल्या लोकांनी रात्री दहाला बसायचं ही व्यवस्था टिकत नाही. आधी ते लोक गप्प होतात आणि मग नोकरी सोडतात.

## रोजचा स्टँडअप (कामाचा छोटा आढावा) कॉलवर घ्यावा का?

सगळे जवळच्या वेळेत असतील आणि टीम ६-७ जणांची असेल तर १५ मिनिटांचा कॉल चालतो. त्याहून मोठी किंवा पांगलेली टीम असेल तर लेखी अपडेट बरा: काल काय पूर्ण झालं, आज काय हातात आहे, कशाची वाट पाहतोय. ‘एपीआयचं काम चालू आहे’ हा अपडेट निरुपयोगी आहे. ‘लॉगिनचा भाग झाला, पासवर्ड बदलण्याचा आज होईल, चाचणीचं खातं अजून मिळालेलं नाही’ यावर कुणीतरी काहीतरी करू शकतं.

लेखी अपडेट महिनाभरात पोकळ होतात, कारण ते कुणी वाचत नाही असं लोकांच्या लक्षात येतं. ‘वाट पाहतोय’ या ओळीवर त्याच दिवशी हालचाल झाली तरच लोक पुढेही मनापासून लिहितात. ही जबाबदारी टीम लीडची.

## मीटिंगमध्ये दोघंच बोलतात, बाकीचे गप्प. काय करता येईल?

आधी थोडं यामागचं कारण. कॉलवर आवाज पोचायला वेळ लागतो. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीनुसार एका दिशेचा विलंब १५० मिलिसेकंदांच्या आत असला तर संभाषण सहज वाटतं. त्यापलीकडे गेला की दोघं एकदम बोलायला लागतात, दोघंही थांबतात, आणि जो बेधडक आहे तोच पुढे बोलतो. कॉलची भाषा ज्यांची मातृभाषा नाही ते यात मागेच राहतात.

मुद्दे आणि वाचायचा मजकूर किमान २४ तास आधी पाठवा. वाचून येणं होत नसेल तर मीटिंगची पहिली ८-१० मिनिटं सगळ्यांनी शांतपणे वाचायला आणि फाइलमध्ये टिप्पण्या लिहायला द्या. त्या टिप्पण्यांवरून चर्चा सुरू करा, म्हणजे गप्प माणसाचा मुद्दाही टेबलावर असतो. प्रश्न विचारल्यावर मनात पाच मोजेपर्यंत थांबा. हात वर करण्याचं बटण वापरा आणि क्रम पाळा.

काही जण ऑफिसच्या खोलीत एकत्र आणि बाकीचे बाहेर, ही सर्वांत अवघड मांडणी. खोलीतले आपसात बोलतात आणि बाहेरच्यांना फक्त कुजबुज ऐकू येते. अशा वेळी खोलीतल्यांनीही आपापल्या लॅपटॉपवरून, हेडसेट लावून, शक्यतो वेगवेगळ्या जागी बसून सामील व्हावं. एकाच खोलीत दोन माइक चालू राहिले की आवाज घुमतो, त्यामुळे माइक एकच चालू ठेवा.

## कॅमेरा चालू ठेवणं सक्तीचं करावं का?

नको. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या जेरेमी बेलन्सन यांनी २०२१ मध्ये व्हिडिओ कॉलच्या थकव्याची चार कारणं मांडली: सतत जवळून होणारी नजरानजर, स्वतःचा चेहरा समोर दिसत राहणं, एका जागी खिळून बसणं, आणि देहबोली वाचायला व दाखवायला लागणारं जास्तीचं लक्ष. पहिली ओळख, वैयक्तिक बोलणं किंवा नाजूक विषय असेल तेव्हा कॅमेरा उपयोगी पडतो. दहा जणांच्या आढावा मीटिंगमध्ये तो ऐच्छिक ठेवा. स्वतःचं चित्र लपवण्याची सोय बहुतेक ॲपमध्ये असते, तीही वापरून पाहा.

## कॉलवर माझा आवाज तुटतो, पण स्पीड टेस्ट तर चांगली येते. असं का?

स्पीड टेस्ट बहुतेकदा डाउनलोडचा मोठा आकडा दाखवते. कॉलला मोठा वेग लागत नाही: नुसत्या आवाजाला साधारण १०० केबीपीएस, आणि बऱ्यापैकी व्हिडिओला प्रत्येक दिशेने दीड-दोन एमबीपीएस. कॉल बिघडतो तो पॅकेट, म्हणजे नेटवरून जाणारे डेटाचे छोटे तुकडे, गळाल्यामुळे किंवा त्यांच्या पोचण्याच्या वेळेत चढउतार झाल्यामुळे. शोधायचा क्रम असा:

१. आधी राउटरला पिंग करा (छोटा संदेश पाठवून उत्तर यायला किती वेळ लागतो ते मोजा) आणि दोन-तीन मिनिटं आकडे पाहा. मधूनच १००-२०० मिलिसेकंदांवर उडत असतील तर दोष घरातल्या वाय-फायचा आहे. केबल लावा. ते शक्य नसेल तर २.४ गिगाहर्ट्झऐवजी ५ गिगाहर्ट्झ बँड वापरा. मायक्रोवेव्ह ओव्हन आणि ब्लूटूथ २.४ च्या आसपासच काम करतात.

२. राउटरचे आकडे स्थिर आणि बाहेरच्या पत्त्याचे उडते असतील तर कनेक्शनकडे वळा. त्याच वेळी क्लाउड बॅकअप किंवा मोठी फाइल अपलोड होत आहे का पाहा. अपलोड भरला की राउटरमध्ये रांग साचते आणि आवाजाची पॅकेट त्या रांगेत अडकतात. बॅकअप रात्रीवर टाका, किंवा राउटरमध्ये कॉलला प्राधान्य देणारी सोय असेल तर ती चालू करा.

३. फक्त ऑफिसचं व्हीपीएन (ऑफिसच्या नेटवर्कशी जोडणारा सुरक्षित मार्ग) चालू असताना त्रास होत असेल तर कॉलची वाहतूक व्हीपीएनबाहेरून जाऊ देता येईल का, हे आयटी विभागाला विचारा. स्वतःच्या मनाने व्हीपीएन बंद करू नका.

४. आवाज तुटत नाही पण डब्यातून आल्यासारखा येतो? ब्लूटूथ हेडसेटचा माइक चालू झाला की तो संगीताची चांगली पद्धत सोडून फोनकॉलच्या हलक्या पद्धतीवर जातो. वायरचा साधा हेडसेट महागड्या ब्लूटूथपेक्षा अनेकदा चांगला ऐकू येतो.

ऐन कॉलमध्ये काहीच जमत नसेल तर व्हिडिओ बंद करा. तरीही जमेना तर फोनच्या डेटावरून सामील व्हा. हा दुसरा मार्ग आधीच तपासून ठेवा.

## कामात अडकलो तर किती वेळ स्वतः प्रयत्न करायचा?

३० ते ४५ मिनिटं काहीच पुढे सरकलं नाही तर विचारा. ज्याला विचारायचं तो थोड्या वेळात दिवस संपवणार असेल तर त्याआधीच विचारा, नाहीतर उत्तर उद्यावर जातं. आणि दुसरं छोटं काम नेहमी तयार ठेवा, म्हणजे वाट पाहण्याचा वेळ वाया जात नाही.

## नवीन माणसाला रिमोट टीममध्ये कसं रुळवायचं?

पहिल्या दिवसाआधी लॅपटॉप, खाती आणि परवानग्या तयार असल्याच पाहिजेत. एका परवानगीसाठी तीन दिवस नुसतं बसून राहणं ऑफिसात कुणाच्या तरी नजरेला पडतं. घरी बसलेल्याचं ते कुणालाच दिसत नाही.

एक सोबती नेमा, तो मॅनेजर नसावा. पहिले दोन आठवडे रोज २० मिनिटांचा ठरलेला कॉल ठेवा, विषय असो वा नसो. ‘काही लागलं तर विचार’ यावर विसंबू नका. नवीन माणूस विचारत नाही. पहिल्या आठवड्यात एक छोटं पण खरं काम पूर्ण होऊन बाहेर पडेल असं पाहा. वाचायची कागदपत्रं देताना त्यांचा क्रमही द्या, आणि चुकीचं किंवा जुनं दिसेल ते दुरुस्त करण्याची मुभा त्यालाच द्या. टीमच्या नोंदींमधली भोकं नव्या डोळ्यांना लगेच दिसतात, जुन्यांना नाही.

टीमबाहेरच्या चार-पाच जणांशी ओळखीचे कॉलही ठरवा. मायक्रोसॉफ्टच्या सुमारे ६१ हजार कर्मचाऱ्यांवरचा अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. सगळे रिमोट झाल्यावर वेगवेगळ्या गटांना जोडणारे दुवे कमी झाले, असं त्यात दिसलं. असे दुवे मुद्दाम जोडावे लागतात.

## लोक खरंच काम करताहेत हे मॅनेजरला कसं कळणार?

पूर्ण झालेल्या कामावरून. माऊस हलतो का, हिरवा ठिपका दिसतो का, दर दहा मिनिटांनी स्क्रीनचा फोटो, यातून हालचाल मोजली जाते. मग लोक हालचालच करून दाखवतात, आणि विचार करायला लागणारा शांत वेळ संशयास्पद ठरतो. त्याऐवजी कामं २-३ दिवसांत संपतील एवढी लहान करा आणि ‘झालं’ म्हणजे काय ते आधी लिहा. एखादं काम सलग दोनदा पुढे ढकललं गेलं की बोला, आणि पहिला प्रश्न ‘कशाने अडलंय?’ हा असू द्या.

ट्रिप डॉट कॉम या प्रवासाची बुकिंग करणाऱ्या चिनी कंपनीतल्या १,६०० हून अधिक कर्मचाऱ्यांवरचा प्रयोग २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. आठवड्यातले २ दिवस घरून काम दिलेल्या गटात नोकरी सोडण्याचं प्रमाण सुमारे एक तृतीयांशाने घटलं, आणि कामगिरीच्या मूल्यांकनात फरक दिसला नाही. हा प्रयोग मिश्र पद्धतीचा होता. पूर्ण रिमोट टीमला तो जसाच्या तसा लावू नये.

## लेखी बोलण्यातून वाद पेटला तर?

दोन फेऱ्यांत मिटलं नाही तर टायपिंग थांबवा आणि कॉल करा. लिहिलेल्या शब्दांना सूर नसतो, आणि घाईत वाचणारा बहुधा कठोर सूरच लावतो. कॉलनंतर काय ठरलं ते त्याच थ्रेडमध्ये लिहा, म्हणजे वाद पाहिलेल्यांना त्याचा शेवटही दिसेल.

## दिवस संपतच नाही असं वाटतं. काय करावं?

संपायची वेळ कॅलेंडरमध्ये टाका आणि त्याआधी १० मिनिटं उद्याच्या पहिल्या कामाची ओळ लिहून ठेवा. फोनवर कामाच्या सूचना त्या वेळेनंतर आपोआप बंद होतील असं सेटिंग करा. मॅनेजरने रात्री लिहिलेले मेसेज सकाळी पोचतील असे शेड्यूल करावेत. ‘आता उत्तर नको’ असं लिहिलं तरी वाचणारा उत्तर देतोच.

बसण्याचंही बघा: स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या पातळीला, अंतर साधारण हातभर, कोपर काटकोनात. लॅपटॉपवर ही पातळी आणि कोपर दोन्ही एकदम जमत नाहीत, म्हणून वेगळा कीबोर्ड घ्या.

## रजेवर जाताना काय सोपवायचं?

निदान दोन दिवस आधी एक नोंद लिहा: चालू कामं आणि प्रत्येकाची सद्यस्थिती, पुढचं पाऊल, कुणाच्या उत्तराची वाट पाहतोय, बदली कोण, आणि रजेच्या काळात येणाऱ्या तारखा. बदली माणसाला त्यातलं एक काम तुम्ही हजर असतानाच करायला सांगा. नसलेली परवानगी, फक्त तुमच्या लॅपटॉपवर असलेली फाइल, तुमच्या फोनवर येणारा ओटीपी, हे सगळं तेव्हाच उघडकीला येतं आणि दुरुस्त करायला एक दिवस हातात उरतो. पासवर्ड चॅटवर पाठवू नका. पासवर्ड मॅनेजरमधून वाटा आणि परत आल्यावर तो प्रवेश काढून घ्या.